भुलीच्या बाई आणि मैना

वर्तक मॅडमनी आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये एका वाक्यावर बंदी घातली होती. "घाबरू नका." वॉर्डबॉयपासून सर्जनपर्यंत कुणीही पेशंटला हे म्हणायचं नाही. मी नवीन असताना सवयीने एका आजींना म्हणून गेले, तर मॅडम मास्कच्या आडून म्हणाल्या, "सिस्टर, त्या घाबरल्या नव्हत्या. आता घाबरतील. इथं घाबरण्यासारखं काहीतरी आहे, ही बातमी तुम्हीच दिलीत."

सदाशिव पेठेतल्या एका लहानशा नर्सिंग होममध्ये मी स्टाफ नर्स होते आणि वर्तक मॅडम तिथं भूल द्यायला यायच्या. ठेंगणा बांधा, करड्या केसांचा घट्ट अंबाडा, मनगटावर वडिलांचं मोठ्या तबकडीचं घड्याळ. लग्न केलं नव्हतं. जवळच राहायच्या आणि चालत यायच्या. आल्या की आधी चहाचा पेला मागायच्या. तो पिण्यासाठी कमी आणि हात शेकण्यासाठी जास्त असायचा. गार हातानं माणसाला शिवणं त्यांना असभ्यपणाचं वाटायचं.

मग टेबलाशेजारी लहान स्टूल ओढून बसायच्या. पेशंटच्या डोळ्यांच्या पातळीवर. आणि प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगायच्या. आता तुमचा डावा हात घेते. आता दंडाला पट्टा आवळेल, मग सुटेल. आता थोडं टोचेल. आवाज अगदी सपाट, रेडिओवर बाजारभाव सांगतात तसा. त्या आवाजात माया नव्हती. पण खोटंही काही नव्हतं, आणि मला वाटतं माणसं त्यावरच विसंबायची.

नातेवाइकांशी आणि डॉक्टरांशी मात्र त्यांचं बोलणं निराळं. एक सर्जन हत्यार वेळेवर मिळालं नाही म्हणून आमच्यावर ओरडत होते. मॅडम पेशंटच्या उशाशी बसून शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, मी मोठ्या कष्टानं झोपवलंय. तुम्ही उठवू नका." सर्जननी पुढचं हत्यार हळू आवाजात मागितलं. मी यवतमाळकडची. बोलताना "मले, तुले" निघून जायचं आणि इथल्या मुली हसायच्या. मॅडमनी एकदा ते ऐकलं आणि हसणाऱ्या मुलीला म्हणाल्या, "तुझं मराठी फार शुद्ध आहे हं. शीर सापडते का त्यानं?" त्या मुलीला शीर सापडत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एकदा एक सॉफ्टवेअरमधला मुलगा पित्ताच्या खड्यांसाठी आला. इंटरनेट तेव्हा नुकतंच घरोघरी येत होतं. त्यानं भुलीच्या धोक्यांवरचे कागद छापून आणले होते आणि त्यावर पिवळ्या रंगाच्या रेघा मारल्या होत्या. थिएटरच्या दारात तो थांबला आणि पुढे पाऊल टाकेना. सर्जन हात धुऊन उभे. मॅडमनी स्टूल बाहेर आणलं, त्याच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "वाचा. मलाही ऐकू द्या." त्यानं सगळं वाचलं. त्यांनी एकेका ओळीवर खरं आहे, हे जुनं आहे, हे तुम्हाला लागू नाही, असं सांगितलं. वाचून संपल्यावर त्यानं विचारलं, "मग मी काय करू?" मॅडम म्हणाल्या, "बसा थोडा वेळ. इथं कुणी तुम्हाला ओढून नेणार नाही." सर्जन दोनदा येऊन बघून गेले. शेवटी मुलगा आपणच उठला आणि टेबलावर जाऊन आडवा झाला.

पुढे आमचं नर्सिंग होम बंद झालं. शहरात काचेची मोठमोठी हॉस्पिटलं उभी राहत होती. मला त्यातल्याच एकात नोकरी लागली. मॅडमही तिथं काही महिने येत होत्या. पण तिथं एकामागून एक ऑपरेशनं लागलेली असत. पेशंट ट्रॉलीवरून यायचा तो अर्धा झोपलेलाच. मॅडम एक दिवस मला म्हणाल्या, "वानखडे, मी आज सहा माणसांना भूल दिली. एकाचाही आवाज ऐकला नाही." त्याच महिन्यात त्यांनी काम थांबवलं. पेठेतला फ्लॅट भाचीला दिला आणि पुण्याबाहेर मांजरी गावात, उसाच्या शेतांच्या कडेला त्यांनी पूर्वी घेऊन ठेवलेल्या तुकड्यावर दोन खोल्या बांधून राहायला गेल्या. लोकांनी वेड्यात काढलं. त्यांचं म्हणणं एवढंच, "पेठेत मला सगळे ओळखतात. कंटाळा आला."

मांजरीत त्यांच्या कुंपणाला लागून दशरथ पवार यांचा गोठा होता. दशरथराव वरातीला घोडे द्यायचे. उसाच्या जागी सोसायट्या उठत होत्या, जमिनी विकलेल्यांच्या घरची लग्नं दणक्यात होत होती आणि दशरथरावांच्या दोन घोड्या आणि एक घोडा यांना उसंत नसायची. त्यांतली मैना सगळ्यांत देखणी. दुधासारखी पांढरी, कपाळावर केसांचं झुलूप, लांब मान. पुढे दशरथराव मला सांगायचे, "लोकं नवरदेवाआदी मैनेला बगायची."

एका वरातीत जनरेटरच्या गाडीजवळ कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. मैना दचकून मागे सरली. धरणाऱ्या माणसानं घाबरून लगाम खसकन ओढला. त्या लगामाला आतून काटे असत. तोंडात रुतले की जनावर जागच्या जागी थांबतं, म्हणून सगळेच घोडेवाले तो वापरत. पण मैना थांबली नाही. उभीच्या उभी झाली. नवरदेव खाली पडला, त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. मैनेचे ओठ दोन्ही कोपऱ्यांत फाटले.

जखमा भरल्या, पण मैना पहिल्यासारखी राहिली नाही. कुणी तिच्या तोंडाकडे हात नेला की ती डोळ्यांचं पांढरं दाखवत भिंतीत शिरायची. गळ्यात दोर पडला की थरथरायची. पाण्याला बाहेर काढायची तर दोन माणसं पुढून ओढायची आणि एक मागून काठी दाखवायचा. दशरथराव ओरडायचे, "भिऊ नगं! ए, भिऊ नगं!"

हे "भिऊ नगं" मॅडमना कुंपणापलीकडे ऐकू जायचं.

दशरथराव एक दिवस त्यांच्याकडे आले. शेजारी म्हाताऱ्या बाई भुलीच्या डॉक्टर आहेत, हे गावात कळलं होतं. मी त्या रविवारी वारज्याहून माझ्या स्कूटीवर मॅडमना भेटायला गेले होते, म्हणून हे माझ्यासमोर झालं.

"मॅडम, एक काम हाय," दशरथराव ओसरीच्या पायरीवरच बसत म्हणाले. "वरातीआदी मैनेला थोडी सुई द्या. जरा गुंगीत चालंल, बास."

मॅडमनी चष्मा काढला. "तुम्ही गुंगीत जिना उतराल का, दशरथराव?"

"म्या कशाला उतरू?"

"तिनं तरी कशाला उतरावं? गुंगी दिली की ती शांत होणार नाही. ती तिथं नसेलच. आणि पाठीवर कुणाचा तरी मुलगा बसलेला असेल."

दशरथरावांचा आवाज बदलला. "तुमाला बोलायला सोपं हाय, मॅडम. माझं घर हिच्या पाठीवर चालतंय. उभ्या जनावराला खाऊ घालायला मी काय सरदार हाय? बाजारात एक दलाल मागतोय तिला. तो कुठं नेतो ते मलाबी म्हाईत हाय. माझ्या हातानं वाढवलीय मी तिला. शिंगरू होती तवापासनं."

त्यांचे डोळे भरले होते. मॅडमनी ते पाहिलं आणि नजर अंगणाकडे वळवली, म्हणजे त्यांना डोळे पुसता यावेत.

"आषाढ लागतोय," मॅडम म्हणाल्या. "तुळशीच्या लग्नापर्यंत तुम्हालाही काम नाही. तोवर ती माझ्याकडे द्या. माझ्याकडे म्हणजे तुमच्याच गोठ्यात. फक्त कुणी तिला ओढायचं नाही. आणि भिऊ नको म्हणायचं नाही."

"तुमाला घोड्यातलं कळतं?"

"काही नाही. भ्यालेल्यांमधलं थोडं कळतं."

जनावरांचे एक डॉक्टर त्यांच्या ओळखीचे होते. त्यांना बोलावून मैनेचे दात, ओठ, कान सगळं तपासून घेतलं. आता दुखत काही नव्हतं. म्हणजे जे होतं ते मनातलं. डॉक्टरांनी काही युक्त्या सांगितल्या आणि जाताना बजावलं, "मॅडम, समोर उभ्या राहू नका. आणि चिडल्या असाल तर त्या दिवशी गोठ्यात जाऊ नका. तिला कळतं."

"हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर काही सर्जननासुद्धा आत सोडलं नसतं," मॅडम म्हणाल्या.

पहिले काही दिवस त्यांनी काहीच केलं नाही. गोठ्याच्या दाराशी स्टूल टाकून पेपर वाचत बसायच्या. मैना पलीकडच्या कोपऱ्यात, शेपटी दाराकडे. दशरथराव लांबून बघायचे आणि बायकोला म्हणायचे, "बाई पेपर वाचून दावतीय घोडीला." मग मैनेची मान वळली. मग ती एक पाऊल पुढे आली. मॅडमनी हिरवा घास पुढे केला, पण तिच्याकडे बघितलं नाही.

मग हात. खांद्यापाशी तळवा ठेवायचा, मानेकडे सरकवायचा आणि मैनेनं मान काढून घेण्याच्या आधीच आपण हात काढून घ्यायचा. मी विचारलं, आधीच का? मॅडम म्हणाल्या, "तिला कळायला हवं की थांबवणं तिच्याकडे आहे. लहान मुलांना मी मास्क त्यांच्याच हातात द्यायचे, आठवतं?" आठवत होतं. हा हात रोज थोडा वर जायचा. कधी आदल्या दिवसापेक्षा खालीच राहायचा. मॅडमना त्याची घाई नव्हती.

म्होरकी शिवायचं काम माझ्याकडे आलं. म्होरकी म्हणजे बैलाच्या तोंडावर असते तशी पट्ट्यांची बांधणी. तोंडात काही जात नाही. दशरथरावांकडची होती ती बारीक नायलॉनच्या दोरीची, आणि तिची गाठ नेमकी नाकाच्या हाडावर बसायची. मॅडमनी पलंगाची जुनी सुती नवार काढली. ती मी मशीनवर दुहेरी शिवली, नाकावर आणि कानांमागे आतून फ्लॅनेलची गादी घातली आणि दप्तरं दुरुस्त करणाऱ्याकडून कड्या बसवून घेतल्या. पहिली इतकी सैल झाली की मैनेनं एका झटक्यात नाक बाहेर काढलं. दुसरी बरोबर बसली, पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढी. पण बसवायच्या आधी मॅडमनी ती गव्हाणीवर टांगून ठेवली. मैनेनं हुंगली, चाटली, एक कोपरा चावून बघितला. "चव घेऊन झाली," मॅडम म्हणाल्या. "आता घालायला हरकत नसावी."

ती पहिल्यांदा घातली तेव्हा मी तिथं होते. मैना नखशिखांत थरथरत होती. मॅडमनी तोच सपाट आवाज लावला. आता नाकावर येईल. आता कानामागे. आता झालं. आणि लगेच काढूनही टाकली. मैना गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिली. बहुधा पहिल्यांदाच तिच्या तोंडावर काही चढलं होतं आणि त्यानंतर काहीच वाईट घडलं नव्हतं.

चालवणं मात्र सोपं गेलं नाही. मॅडम तिच्या खांद्याशी उभ्या राहायच्या, दोर सैल धरायच्या, हलकासा ताण द्यायच्या आणि थांबायच्या. मैनेनं अंग थोडं जरी पुढे टाकलं तरी ताण सोडायचा. पुढे आलीस की त्रास संपतो, एवढंच तिला सांगायचं होतं. कधी अंगणभर चालायची, कधी उंबऱ्यावरच अडायची.

भाद्रपदात एकदा त्या तिला रस्त्याच्या कडेनं नेत होत्या. समोरून वाळूचा ट्रक आला. मॅडम दचकल्या आणि दोर जोरात ओढला. मैना उभी झाली, दोर मॅडमच्या तळहातातून सर्रकन गेला आणि तिचा खूर त्यांच्या पायावर पडला. अंगठ्याचं हाड मोडलं. हाताची कातडी सोलली.

कळल्यावर मी धावत गेले तेव्हा त्या खाटेवर पाय पसरून बसल्या होत्या. मी चिडलेच. "मॅडम, पुरे झालं आता हे."

"ट्रकची चूक नाही, मैनेची नाही," त्या म्हणाल्या. "मी भ्याले आणि तिला ओढलं. आजवर हेच सगळ्यांनी केलं तिच्याशी." मग सोललेल्या तळहाताकडे बघत, "वाईट याचं वाटतं की तिला आता वाटेल, ही पण तसलीच."

तसंच झालं. मैना पुन्हा भिंतीत शिरायला लागली. म्होरकी दिसली की दात दाखवायची. दलालाचा माणूस गोठ्यात येऊन तिचे पाय बघून गेला. मी मॅडमना इतकं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं. चहाचा पेला हातात तसाच गार व्हायचा.

त्या दिवसांत दशरथरावांनीच एक गोष्ट केली. ते मैनेच्या गोठ्यात रिकाम्या हातानं शिरले आणि मॅडम बसायच्या त्या स्टुलावर जाऊन बसले. मॅडम खिडकीतून बघत होत्या. दशरथराव जुनं काहीतरी गुणगुणत होते, मैना शिंगरू असताना गुणगुणायचे ते. तिनं कान वळवले. कितीतरी वेळानं येऊन तिनं त्यांच्या टोपीवर नाक टेकवलं. दशरथरावांनी हात वर नेला आणि थांबवला. अगदी मॅडम थांबवायच्या तसा. मॅडम प्लॅस्टरचा पाय घेऊन दारात आल्या आणि म्हणाल्या, "मला जमलं नव्हतं ते तुम्हाला जमलं. आता दोघं करू."

दलालाचा माणूस पुन्हा आला तेव्हा दशरथरावांनी त्याला बाहेरूनच परत पाठवलं.

मग दोघांनी केलं. दिवाळीपर्यंत मैना म्होरकी घालून, दोर सैल लोंबता ठेवून, दोघांच्या मधून गावातल्या शाळेपर्यंत जायला लागली.

मला एक प्रश्न खुपत होता. मी विचारला. "मॅडम, एवढं करून पुन्हा वरातीतच ना?"

त्या म्हणाल्या, "माझे पेशंटही बरे होऊन आपापल्या कामावरच गेले ना. ते काम कसं आहे ते बघायला मी कधी गेले नाही. इथं जाता येईल."

आणि त्या गेल्या. तुळशीच्या लग्नानंतरचं पहिलंच लग्न मांजरीतल्याच एका घरातलं. नवरदेव हिंजवडीला कंपनीत होता. गोरज मुहूर्ताच्या आधी त्याला घोड्यावरून मारुतीच्या देवळात न्यायचं होतं. मॅडमनी अटी घातल्या होत्या: काटे नाहीत, फटाके नाहीत, बँड पुढे लांब. दोर धरायला दशरथराव एका बाजूला, मॅडम दुसऱ्या बाजूला. फिकट जांभळी सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. बँडवाल्यांनी एकमेकांना कोपरखळ्या मारल्या. मी गर्दीत उभी होते.

मारुतीचं देऊळ दिसायला लागलं आणि शेजारचा जनरेटर धाडकन सुरू झाला. मैनेनं मान झटकन वर केली. डोळे पांढरे. दशरथरावांचा हात दोराकडे गेला, पण त्यांनी तो ओढला नाही. मॅडमचा आवाज मला गर्दीतूनही ऐकू आला. "आवाज झाला. आणखी होईल. आम्ही इथंच आहोत." मैना थरथरत होती. पण तिनं पुढचे पाय उचलले नाहीत.

तेवढ्यात वरून बारीक आवाज आला. नवरदेव. मुंडावळ्या हलत होत्या, चेहरा उतरला होता. "मॅडम, मी उतरू का? मला फार भीती वाटतेय."

मॅडमनी वर बघितलं. "उतरा. तिलाही वाटतेय. दोघं चाला."

तो उतरला. त्याच्या काकांनी आरडाओरडा केला, हे काय, नवरदेव पायी? आपली काही इज्जत? मॅडम त्यांना म्हणाल्या, "इज्जत वर बसलेली नव्हती हो. फक्त मुलगा बसला होता." लोक हसले. नवरदेवानं बिचकत मैनेच्या मानेवर हात ठेवला. मैनेनं एक लांब श्वास सोडला आणि मान खाली घेतली. मग तो, मैना आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना दशरथराव आणि मॅडम, अशी चौघं मारुतीपर्यंत चालत गेली. फोटोग्राफरनं काढलेला तो फोटो पुढे नवरदेवाच्या दिवाणखान्यात लागला, असं दशरथराव सांगतात.

सगळ्यांनाच अशी वरात आवडली नाही. नाचणारी घोडी हवी म्हणणारे दुसरीकडे गेले. काही मात्र मुद्दाम मैनेला मागायला लागले, लहान मुलांना बसवायचं म्हणून. पुढे केव्हातरी मी गेले तर गोठ्यातल्या बाकीच्या दोघांच्या तोंडावरही नवारीच्या म्होरक्या होत्या. दशरथरावांना विचारलं तर म्हणाले, "ते जुनं लोखंड गंजलं होतं."

मॅडमना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. झोपेतच गेल्या. त्या गेल्यावरही मैना दशरथरावांकडेच होती. पण मला त्या आठवतात त्या शेवटच्या भेटीतल्या.

भेट झाल्यावर त्या मैनेला फिरवायला निघाल्या, थोड्या वेळानं मी परत निघाले तर रेल्वेचं फाटक लागलं होतं. दोन्हीकडे गाड्यांची रांग, कंपन्यांच्या बस, मोटारसायकली, कानाला मोबाईल लावलेली पोरं. रांगेत पुढे मॅडम आणि मैना. मला त्या दिसल्या, त्यांना मी दिसले नव्हते. शेजारच्या बसचा ड्रायव्हर उगाच हॉर्न दाबत होता आणि मॅडम त्याला काहीतरी सांगत होत्या. बहुधा फाटक हॉर्ननं उघडत नाही, हे. दोर त्यांच्या कोपराच्या वळणात नुसता अडकवलेला होता. रेल्वे आली. जमीन हादरली, धूळ उडाली. मैनेनं एक कान गाडीकडे वळवला, दुसरा मॅडमच्या बोलण्याकडे ठेवला आणि एक पाय ढिला सोडून उभी राहिली.

फाटक उघडलं. सगळे एकदम सुटले, हॉर्न, धूर, गर्दी. त्या दोघी थांबल्या. शेवटची रिक्षा पलीकडे गेल्यावर मैनेनं मॅडमकडे बघितलं, मॅडमनी पदर खोचला आणि दोघी सावकाश रूळ ओलांडून गेल्या.